ऑर्गन वाजला तेव्हा आम्ही खाली होतो
एका मोठ्या कॉयरच्या नाताळ मैफलीचं प्रकरण

रंगीत तालमीला मी गात नव्हतो. तीन दिवसांपूर्वी सर्दी झाली होती, आणि आमच्या कॉयरचा, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गायकवृंदाचा, नियम असा की घसा धरला असेल तर तालमीला यायचं ते फक्त ऐकायला, तेही मास्क लावून, सगळ्यांपासून लांब बसून. हा नियम उगाच आलेला नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका कॉयरच्या एका तालमीला ६१ जण आले होते. निश्चित आणि संभाव्य असे दोन्ही रुग्ण धरून त्यांतल्या ५३ जणांना कोविडची लागण झाली, दोघं गेले. एकत्र गाणं म्हणजे एकमेकांचा श्वास घेणं, हे तेव्हापासून कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी बासच्या, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाच्या, रांगेतली माझी जागा सोडून प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये, साधारण मधोमध बसलो होतो. पुढं जे घडलं ते मला नीट ऐकू आलं, ते केवळ या सर्दीमुळे. रांगेत असतो तर मलाही इतरांसारखंच काही कळलं नसतं.

आमचा कॉयर १२० जणांचा. सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे स्त्रियांचे वरचे आणि खालचे आवाज, मिळून दोन तृतीयांश, उरलेले आम्ही पुरुष: वरच्या आवाजाचे टेनर आणि खालच्या आवाजाचे बास. मैफलीची सुरुवात ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ या कॅरलनं, म्हणजे नाताळच्या भक्तिगीतानं, होणार होती. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांचे हे शब्द १८४८ मध्ये लहान मुलांच्या भजनसंग्रहात आले आणि हेन्री गाँटलेट यांनी पुढच्याच वर्षी त्यांना चाल दिली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी होणारी ‘नऊ पाठ आणि कॅरल्स’ ही उपासना १९१९ पासून याच कॅरलनं सुरू होते, आणि रेडिओवरच्या प्रक्षेपणामुळे जगभरच्या कॉयरनी तीच रीत उचलली आहे. पहिलं कडवं एकच कोवळा आवाज, साथीशिवाय. दुसरं कडवं पूर्ण कॉयर, तेही साथीशिवाय. तिसऱ्या कडव्याला ऑर्गन, म्हणजे हवेवर वाजणाऱ्या नळ्यांचं मोठं वाद्य, उघडतो आणि श्रोतेही गाऊ लागतात.

ही रचना ऐकायला जितकी सुंदर, तितकीच गाणाऱ्याची परीक्षा घेणारी. दोन कडवी तुम्ही कुणाच्याही आधाराशिवाय गाता आणि मग ऑर्गन तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो. तुम्ही जिथं असायला हवं होतं तिथं नसाल, तर ते लपवायला काही उरत नाही.

त्या संध्याकाळी दिवे मालवले. मागच्या दारापाशी उभं राहून आमच्यातल्या सर्वांत लहान सोप्रानोनं, पंधरा वर्षांच्या मुलीनं, पहिलं कडवं गायलं. दुसऱ्या कडव्याबरोबर दोन्ही बाजूंच्या वाटांवरून दोन-दोनच्या जोड्यांनी कॉयर हळूहळू रंगमंचाकडे चालू लागला. हातात छोटे दिवे, दुसऱ्या हातात फाइल. माझ्या दोन्ही बाजूंनी आवाज पुढं सरकत होता. मग तिसरं कडवं आलं, ऑर्गनचा पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, वाजला आणि कॉयर त्याच्या खाली होता. थोडाथोडका नव्हे, जवळजवळ अर्धा स्वर खाली. दोन पट्ट्या एकमेकींवर घासल्या. पाचसहा जणांनी सूर उचलला, काही तसेच गात राहिले, बाकीचे गप्प झाले. मॅडमनी, म्हणजे आमच्या कंडक्टरनी, हात वर करून थांबवलं.

त्या शांततेत टेनरमधून कुणीतरी म्हणालं, ‘‘सुरुवातच खाली झाली असणार.’’ कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण सुरुवात कुणी केली होती हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीनं ते ऐकलं. मध्यंतरात ती मी बसलो होतो त्या रांगेच्या टोकापर्यंत आली आणि तिथूनच तिनं विचारलं, ‘‘काका, तुम्ही मध्ये बसला होतात. माझं चुकलं का?’’

मला तिचं काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. पण नुसतं ‘वाटलं नाही’ म्हणून तिची समजूत काढणं मला पुरेसं वाटेना. तालमीचं ध्वनिमुद्रण झालेलं होतं. मी तिला म्हटलं, ‘‘आज रात्री आम्ही ते ऐकतो. उद्या सकाळी मी तुला जसं आहे तसं सांगेन.’’

रात्रीची तपासणी

आम्ही चौघं बसलो: मॅडम, ऑर्गनवादक, सोप्रानोंची प्रमुख आणि मी. पद्धत अगदी साधी होती. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची पट्टी एकेक सेंटनं खाली-वर करता येते. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. मुद्रणातली एक ओळ वाजवायची, कीबोर्ड तिला जुळेपर्यंत सरकवायचा आणि आकडा लिहायचा. कॉयरचा सूर एका रेषेसारखा नसतो, तीसचाळीस गळ्यांचा तो पट्टा असतो, त्यामुळे पाच सेंट इकडे-तिकडे होणारच. पण आम्हाला कारण शोधायचं होतं, तेवढ्यासाठी हे पुरेसं होतं.

मुलीनं सुरुवात केली ती स्वरकाट्यावरून, म्हणजे ट्यूनिंग फोर्कवरून. ४४० हर्ट्झचा ‘ए’ कानाशी धरून तिनं आपला पहिला स्वर काढला होता आणि तो बिनचूक होता. पहिलं कडवं संपलं तेव्हा ती ८ सेंट खाली होती. साथीशिवाय, अंधारात, दोन दिवसांवर मैफल असताना एका पंधरा वर्षांच्या मुलीनं अख्खं कडवं गाऊन फक्त ८ सेंट गमावणं ही उत्तम कामगिरी आहे. आमच्या रांगेतल्या किती जणांना ते जमलं असतं, मला शंका आहे.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ १५ खाली. कडव्याच्या मध्यावर ३५. शेवटच्या दोन ओळींत घसरण सर्वांत जास्त झाली होती आणि कडवं संपताना कॉयर ६५ सेंट खाली होता. एका मुलीनं आठ गमावले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सत्तावन्न.

पण ऑर्गन आला तेव्हाचं अंतर ६५ नव्हतं, ८० होतं. हे वरचे १५ कुठले, हे आधी आम्हाला कळेना. ते ऑर्गनवादकाला सुचलं. त्याचा ऑर्गन १८ अंशांना जुळवलेला होता. तालमीच्या वेळी हीटर आणि दिव्यांमुळे सभागृहात २३ अंश होते. तापमान वाढलं की हवेतल्या ध्वनीचा वेग वाढतो, अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर, आणि नळीची लांबी मात्र तीच राहते. त्यामुळे ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांचा सूर दर अंशाला सुमारे ३ सेंट वर चढतो. पाच अंशांचे पंधरा. म्हणजे आम्ही खाली आलो होतो आणि ऑर्गन वर गेला होता. स्वरकाट्यावरून सूर घेणारी मुलगी पहिल्या क्षणी अगदी बरोबर होती, तरीही त्या संध्याकाळच्या ऑर्गनपेक्षा पंधरा सेंट खाली होती. चूक असलीच तर स्वरकाटा तिच्या हातात देणाऱ्यांची, म्हणजे आमची.

आम्ही खाली का आलो

शास्त्रीय गाण्याची सवय असलेल्यांना साथीशिवाय गाणाऱ्या कॉयरची अडचण तानपुऱ्यावरून लगेच समजेल. तानपुरा मागं असला की गायक कितीही लांब फिरून आला तरी परतायला षड्ज तिथंच असतो. साथीशिवाय गाणाऱ्या कॉयरला असा स्थिर षड्ज नसतो. प्रत्येक ओळीचा ‘सा’ आधीच्या ओळीच्या शेवटावरून घ्यावा लागतो. ती ओळ चार सेंट खाली संपली असेल तर पुढची तिथूनच सुरू होते, आणि आतून गाणाऱ्याला सगळं अगदी सुरात वाटतं, कारण शेजारीही तेवढाच खाली असतो.

या चालीतच एक उतार दडलेला आहे. तिचे पहिले तीन स्वर प, नी, सा. पंचमावरून उडी मारून निषादावर जायचं आणि तिथून षड्जाला टेकायचं. हा निषाद षड्जाला अगदी खेटून हवा. उडी लांबची असल्यामुळे गळा थोडा अलीकडेच उतरतो, निषाद किंचित खाली लागतो, मग षड्ज त्याच्या मानानं घेतला जातो आणि तोही खाली. पहिल्या दोन ओळींची चाल पुढच्या दोन ओळींना पुन्हा येते, म्हणजे एका कडव्यात हा उतार दोनदा. आमच्या मुद्रणात दोन्ही ठिकाणी आकडा उतरलेला स्पष्ट दिसत होता.

ऑर्गनवादकानं आणखी एक मुद्दा काढला, तोही खरा आहे. साथीशिवाय गाणारा कॉयर प्रत्येक कॉर्ड अगदी शुद्ध जुळवत गेला, तर काही कॉर्डक्रमांत षड्ज आपोआप सरकतो. शुद्ध अंतरांची बेरीज फिरून मूळ जागी येत नाही. ८१:८० या गुणोत्तराएवढा, साधारण साडेएकवीस सेंटचा फरक राहतो. सोळाव्या शतकात इटलीत बेनेदेत्ती या गणितज्ञांनी हे गणितानं दाखवलं होतं. म्हणजे सुरात गाणारेही खाली येऊ शकतात. मला हा विचार फार आवडतो, पण त्या रात्री मी त्याच्या आड लपायला तयार नव्हतो. आमचे कॉर्ड इतके शुद्ध नव्हते, आणि सत्तावन्न सेंट त्यातून निघत नव्हते.

खरं कारण चालण्यात होतं, आणि ते आकड्यांच्या शेजारी घड्याळ मांडल्यावर दिसलं. मोठी घसरण झाली ती वेळ आणि रांगेची पुढची टोकं रंगमंचाच्या पायऱ्या चढत होती ती वेळ एकच होती. अंधारात पायरी दिसावी म्हणून माणूस खाली बघतो. हनुवटी छातीकडे जाते, गळा आवळतो, बरगड्या मिटतात. त्यात गाणं हळू आवाजातलं. हळू गाताना कमी दम लागतो असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात श्वासाचा आधार सगळ्यात जास्त तिथंच लागतो आणि तो सुटला की सूर बसतो. शिवाय एका हातात दिवा, दुसऱ्यात फाइल, आणि वाचायला पुन्हा खालीच बघायचं.

दुसरं कारण ऐकण्याचं. रंगमंचावर फळ्यांवर उभे असताना माझ्या मागून टेनर, पुढून आल्टो, डावीकडून सोप्रानो ऐकू येतात. स्वतःचा आवाज आणि इतरांचा आवाज यांचं कानात पडणारं प्रमाण कसं असावं, यावर स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी बरंच संशोधन केलं आहे. स्वतःचा आवाज फार चढला की इतरांशी जुळवता येत नाही, आणि इतरांचा फार चढला की आपण काय गातो तेच कळत नाही. दोन-दोनच्या रांगेत हे प्रमाण पार बिघडतं. शेजारचा एक आवाज कानात, पुढच्याची पाठ समोर, आणि बाकीचे ११८ जण कुठंतरी लांब.

त्यातच ताल. प्रत्येक वाटेवर ३० जोड्या, म्हणजे रांग सुमारे ३० मीटर लांब. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे रांगेच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला ०.०९ सेकंद लागतात. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची, तेव्हा हा उशीर मात्रेच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा होतो. मागचे लोक पुढच्यांचं ऐकून गातात तेव्हा एवढे उशिरा येतात. पुढचे ते उशिरा आलेलं ऐकून थांबतात. लय ओढली जाते, ओळ लांबते, श्वास अपुरा पडतो आणि सूर उतरतो. मला वाटतं, मोठ्या कॉयरमध्ये लयीचं दुखणं आणि सुराचं दुखणं वेगळं काढताच येत नाही. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चमध्ये संगीतकार हँडेलच्या स्मरणार्थ पाचशेहून जास्त गायक-वादक एकत्र आले होते. तिथं हे अंतर त्यांनी कसं सांभाळलं असेल, याचा विचार मी त्या रात्री झोपण्यापूर्वी बराच वेळ करत होतो.

सकाळी मुलीला फोन केला. आठ आणि सत्तावन्न हे दोन्ही आकडे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘काका, हे सगळ्यांना सांगाल?’’ संध्याकाळी जादा तालमीच्या सुरुवातीला मॅडमनी स्वतः, सगळ्यांसमोर, आकडे वाचून दाखवले. सुरुवातीबद्दल बोललेले टेनर नंतर तिच्यापाशी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही, ते विचारायचंही नव्हतं.

काय बदलायचं

हातात एकच संध्याकाळ होती, तीही चाळीस मिनिटं. रात्रीच आमच्यात दोन तट पडले होते. ऑर्गननं दुसऱ्या कडव्याखाली एक बारीक स्वर धरावा, हा सर्वांत सोपा मार्ग होता. मॅडमनी तो ऐकताक्षणी नाकारला आणि मला त्यांचं पटलं. अंधारात एका आवाजातून एकशेवीस आवाज उमलतात, त्या क्षणी खाली यंत्राचा हुंकार असेल तर त्या कडव्याला अर्थ राहत नाही. दुसरा मार्ग मिरवणूकच रद्द करण्याचा. सोप्रानोंची प्रमुख त्याविरुद्ध उभी राहिली. श्रोते वर्षभर ज्याची वाट बघतात ते हेच, असं तिचं म्हणणं. पट्टी अर्ध्या स्वरानं वर न्यावी असंही सुचलं. पट्टी बदलली की गळ्याची जुनी सवय मोडते आणि सूर टिकतो, असा अनेक कॉयरचा अनुभव आहे. पण मुलीनं दोन महिने एका पट्टीत तयारी केलेली. किंग्जमध्ये पहिलं कडवं कोण गाणार हे मुलांना अगदी शेवटच्या क्षणी कळतं, म्हणजे आधीपासून धास्ती राहत नाही. आमच्या मुलीनं ती धास्ती दोन महिने बाळगली होती. तिच्यावर आणखी एक ओझं टाकायला कुणीच राजी नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. दुसरं कडवं चालत गायचं नाही. सगळा कॉयर सभागृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत दाटीवाटीनं, अर्धवर्तुळात उभा राहील, दोन्ही कडवी तिथंच होतील, आणि पाय हलतील ते तिसऱ्या कडव्याला, ऑर्गन सूर धरून असेल तेव्हा. उभं राहायचं तेही आवाजांच्या गटांनी नाही, मिसळून: प्रत्येक बासच्या शेजारी सोप्रानो किंवा आल्टो. यावर एका ज्येष्ठ टेनरांचा आक्षेप होता. ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं मी टेनरच्या खांद्याला खांदा लावून गातोय. एकटा पडलो तर माझी ओळ सुटेल.’’ मॅडमनी त्यांना उत्तर दिलं नाही, एकदा गाऊन बघू या म्हणाल्या. गाऊन झाल्यावर ते म्हणाले की आल्टोची ओळ आपण पहिल्यांदाच नीट ऐकली. ओळ सुटली नव्हती.

सूर घ्यायचा तो ऑर्गनकडून. कॅरलच्या आधी ऑर्गनवर त्याच पट्टीत एक संथ रचना वाजेल आणि तिचा शेवटचा कॉर्ड विरत असतानाच मुलगी सुरू करेल. स्वरकाटा खिशात. पहिली दोन कडवी पाठ, फाइल बंद. शेजाऱ्यांनी जोडीजोडीनं ठरवायचं की श्वास कुणी कुठं घ्यायचा, म्हणजे ओळीत भोक पडणार नाही. प नी सा ही उडी आम्ही त्या चाळीस मिनिटांतली बारा मिनिटं फक्त गुणगुणत होतो, निषाद वर, आणखी वर, षड्जाला लागेपर्यंत. आणि चालताना ताल कानानं घ्यायचा नाही, डोळ्यांनी घ्यायचा. त्यासाठी मागच्या भिंतीपाशी दुसरी व्यक्ती छोटा दिवा घेऊन मॅडमच्या हाताबरोबर ठोके देईल. पायऱ्या चढताना गायचंच नाही. जोडीतला एक चढेल तेव्हा दुसरा गाईल. हे शेवटचं आल्टोंमधल्या एका बाईंनी सुचवलं आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणं सुचवणं तेच होतं.

मैफलीची रात्र

माझी सर्दी ओसरली होती, आवाज खालच्या सुरांना जरा खरखरीत, पण होता. मी मागच्या अर्धवर्तुळात उभा राहिलो. डावीकडे सोप्रानो, उजवीकडे आल्टो, आणि बरोबर समोर, चार हातांवर, ती मुलगी पाठमोरी. सभागृह भरलेलं. दिवे गेले. ऑर्गनचा कॉर्ड विरत गेला, तिचे खांदे उचलले गेले, आणि तिनं सुरू केलं.

तालमीत प्रेक्षकांच्या खुर्चीवरून ऐकलेलं कडवं आणि हे कडवं एकच, तरी मला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. इतक्या जवळून तिचा श्वासही ऐकू येत होता. आमचं कडवं आलं तेव्हा मी अगदी हळू गायलो, इतकं हळू की दोन्ही बाजूंच्या ओळी माझ्या आवाजाच्या वर राहिल्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकमेकांबरोबर वेग घेतात आणि मंदावतात, कारण श्वास एकाच ओळीला बांधलेला असतो. ते वाचलं होतं. त्या अर्धवर्तुळात ते अंगाला जाणवत होतं.

मग ऑर्गन आला. मी डोळे मिटले होते. अंतर होतं, मला कळलं, पण घासलं नाही. एक-दोन मात्रांत कॉयर ऑर्गनवर बसला आणि पाय हलले.

सगळं सरळ झालं असं नाही. चौथ्या कडव्यात श्रोत्यांनी लय खेचली. शेकडो माणसं पूर्ण आवाजात गातात तेव्हा दिव्याच्या ठोक्याकडे बघायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मागच्या बाजूच्या लोकांना ऑर्गन उशिराच पोचतो. आमच्या रांगेचं शेपूट त्यांच्याबरोबर ओढलं गेलं. ऑर्गनवादकानं पुढच्या कडव्याआधीचा श्वास छोटा करून ते सावरलं. पायऱ्यांवर मात्र ठरल्याप्रमाणे झालं. शेवटच्या कडव्यात सोप्रानोंनी वरची स्वतंत्र ओळ घेतली तेव्हा आम्ही सगळे फळ्यांवर पोचलेले होतो.

उत्तरार्ध हँडेलच्या ‘मेसायाह’ या बायबलवर आधारलेल्या मोठ्या गायनरचनेतला. हँडेलनं हे काम १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २४ दिवसांत लिहिलं. ते पहिल्यांदा गायलं गेलं डब्लिनमध्ये, १३ एप्रिल १७४२ ला, म्हणजे नाताळशी त्याचा संबंध नंतरचा. त्यातलं प्रसिद्ध समूहगान ‘हालेलुया’ तर दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं, जन्माच्या कथेपासून लांब. मला स्वतःला पहिल्या भागातलं बालकाच्या जन्माचं कोरस नाताळच्या रात्रीला जास्त शोभतं असं वाटतं. हँडेलनं त्याच उन्हाळ्यात दोन आवाजांसाठी लिहिलेल्या एका इटालियन गाण्यातून ते घडवलं, आणि दोनच गळ्यांसाठी रचलेल्या त्या लांब ताना एकशेवीस जणांनी स्वच्छ म्हणणं किती अवघड असतं, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या बासच्या तानांमधल्या चार मात्रा धूसर झाल्या. ‘हालेलुया’च्या शेवटी, अखेरच्या संथ शब्दाआधी, सगळं थांबतं तिथं दरवर्षी कुणीतरी आधी येतं. या वर्षी कुणी आलं नाही. ती शांतता पूर्ण होती.

नोंदवहीत राहिलेलं

दुसऱ्या दिवशी मैफलीचं मुद्रण त्याच कीबोर्डशी लावून पाहिलं. या वेळी मोजमाप ऑर्गनपासून. मुलीचं कडवं संपलं तेव्हा ४ सेंट खाली. दुसरं कडवं संपलं तेव्हा १८. म्हणजे रंगीत तालमीतल्या ऐंशीच्या जागी अठरा. सभागृहात त्या रात्री २४ अंश होते. ऑर्गन तालमीपेक्षाही थोडा वर असणार, पण सूर त्याच्याकडूनच घेतल्यामुळे त्याचा फरक पडला नाही.

नोंदवहीत पुढच्या वर्षासाठी दोनच गोष्टी लिहिल्या आहेत. ऑर्गन जुळवताना आणि प्रत्येक तालमीला तापमान लिहून ठेवायचं. आणि चालण्याची तालीम शेवटच्या आठवड्यात न ठेवता पहिल्यापासून घ्यायची, कारण आमचे पाय आणि आमचा गळा यांची गाठ या वर्षी पहिल्यांदा पडली ती मैफलीच्या दोन दिवस आधी. मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी पहिलं कडवं दुसऱ्या कुणाला द्या, मी तिच्या शेजारी उभी राहते.

अठरातून मुलीचे चार वजा करून उरलेल्या चौदा सेंटांपैकी आठ त्या दोन निषादांवर जातात, मुद्रणात ते दिसतात. बाकीचे सहा शेवटच्या दोन ओळींत कुठंतरी जातात. तेव्हा तर कुणी चालत नव्हतं, कुणी खाली बघत नव्हतं. ऑर्गनवादक म्हणतो, ते बेनेदेत्तीचे. मॅडमना ते मान्य नाही. नव्या हंगामाची पहिली तालीम त्या दोन ओळींपासून सुरू करायची, असं ठरलं आहे.